पाटी नसलेले रान

— द्वितीय वर्ष, कला

आमच्या गावाला जायचे म्हणजे तालुक्याच्या गावाहून एस. टी. धरायची आणि शेवटच्या थांब्यावर उतरून पाऊण तास चढ चढायचा. या वाटेवर एके ठिकाणी एक पाटी आहे. ‘अभयारण्याची हद्द सुरू’ असे तिच्यावर लिहिले आहे आणि खाली, काय काय केल्यास शिक्षा होईल, त्याची यादी आहे. ती पाटी मागे टाकून दहा मिनिटे पुढे गेले की भैरवनाथाची देवराई लागते. तिथे पाटी नाही, तार नाही, चौकी नाही आणि पहारेकरीही नाही. तरीही त्या राईतली वाळलेली काटकीसुद्धा कोणी चुलीसाठी उचलून आणल्याचे मी आजवर पाहिलेले नाही.

लहानपणी या दोन गोष्टींचे मला काहीच वाटत नसे. आमच्या घरात पाटी वाचता येणारी पहिली मीच. बारावीनंतर कॉलेजात आले, आणि यंदा पर्यावरणाच्या तासाला सरांनी वर्गाला प्रश्न केला, “जंगल वाचवायचे असेल तर माणसांना त्यातून बाहेर काढले पाहिजे की आत घेतले पाहिजे?” वर्गातील बहुतेकांनी ‘बाहेर काढले पाहिजे’ असे उत्तर दिले. मी गप्प बसले. बाहेर काढायची ती माणसे म्हणजे माझी आजी आणि माझी आई, एवढे मला कळत होते. पण त्यांच्या बाजूने काय बोलावे हे कळत नव्हते. नुसते ‘आम्ही तिथले आहोत’ म्हणणे म्हणजे काही उत्तर नव्हे. मग ग्रंथालयात बसून थोडे वाचले, सुटीत गावी जाऊन म्हाताऱ्या माणसांना थोडे विचारले. त्यातून जे हाती लागले ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. गावाचे आणि अभयारण्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण ही गोष्ट एकट्या आमच्या गावाची नाही.

प्रथम अभयारण्य म्हणजे काय ते पाहू. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्या कायद्याने सरकारला एखादा प्रदेश राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्य म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. दोहोंत फरक आहे. राष्ट्रीय उद्यानात स्थानिक लोकांचे कसलेही हक्क शिल्लक राहत नाहीत. अभयारण्यात जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करायची आणि त्यांपैकी काही चालू ठेवता येतात. पण ही कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. निसर्ग जपायचा तर त्यात माणूस राहता कामा नये, हा विचार तेथून जगभर पसरला. वस्तुतः यलोस्टोनच्या त्या रानातही मूळचे आदिवासी राहत होते, शिकार करीत होते, वाट काढीत होते. ते निर्मनुष्य नव्हते, ते निर्मनुष्य करण्यात आले.

आपल्याकडे त्याला आणखी एक पदर आहे. इंग्रज सरकारने १८६५, १८७८ आणि पुढे १९२७ साली वनांचे कायदे केले आणि जंगलाची मालकी सरकारकडे घेतली. आगगाडीच्या रुळांखालचे स्लीपर आणि जहाजे यांसाठी लाकूड हवे होते, हे त्यामागचे मोठे कारण. या कायद्यांनी एक शब्द बदलला आणि त्या एका शब्दाने सगळे बदलले. गावकऱ्यांचा जो ‘हक्क’ होता, त्याची ‘सवलत’ झाली. हक्क आपला असतो. सवलत दुसऱ्याने दिलेली असते आणि देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. स्वातंत्र्य मिळाल्यावरही १९२७ चाच कायदा पुढे चालू राहिला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९७२ च्या कायद्याने काहीच चांगले केले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्या साली झालेल्या गणनेत सबंध देशात जेमतेम अठराशेच्या आसपास वाघ असल्याचे आढळले होते. शिकार बंद झाली, राखीव जागा झाल्या, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला; आणि २०२२ च्या गणनेत किमान ३,१६७ वाघ असल्याचे सांगण्यात आले. ही वाढ कडक कायद्यावाचून झाली नसती. तेव्हा प्रश्न राखायचे की नाही हा नाहीच. राखायचे कसे आणि कोणी, हा प्रश्न आहे.

माणसांना बाहेर काढले म्हणजे रान आपोआप सुधारते, ही समजूत किती फसवी असू शकते याचे एक ठळक उदाहरण राजस्थानात भरतपूरला आहे. तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यान पक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. जेमतेम २९ चौरस किलोमीटरची ही पाणथळ जागा, तीही पूर्णपणे निसर्गनिर्मित नव्हे. भरतपूरच्या राजांनी बंधारे घालून, पाणी आणून, बदकांच्या शिकारीसाठी ती तयार केली. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरत आल्या होत्या. १९८२ च्या नोव्हेंबरात तिथली चराई एकदम बंद करण्यात आली. लोक चिडले, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला आणि काही गावकरी प्राणास मुकले.

एवढी किंमत देऊन पक्ष्यांचे भले झाले काय? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी १९८० ते १९९० अशी दहा वर्षे त्या जागेचा अभ्यास केला. म्हशी बंद झाल्यावर पाण्यातले एक गवत बेसुमार माजले, त्याने उथळ पाणी झाकून टाकले आणि पक्ष्यांना चरायला, पोहायला मोकळे पाणी उरेना, असे त्यांना आढळले. ज्या म्हशींना पक्ष्यांचे शत्रू मानले होते, त्याच इतकी वर्षे पक्ष्यांसाठी पाणी मोकळे ठेवीत होत्या. पुढे गावकऱ्यांना आत जाऊन गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. म्हैस खात होती ते गवत आता माणसाने विळ्याने कापायचे! हा अभ्यास आधी झाला असता, किंवा निदान गुराख्यांना कोणी विचारले असते, तर काही घरांतली माणसे कदाचित वाचली असती.

दुसरे उदाहरण कर्नाटकातले. चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगनाथस्वामी मंदिराच्या नावाचे अभयारण्य आहे. तिथे सोलिगा नावाचे आदिवासी राहतात. १९७४ साली अभयारण्य झाले तेव्हा त्यांना रानातल्या त्यांच्या वस्त्यांतून उठवून कडेला वसवण्यात आले. शिकार आणि फिरती शेती तर बंद झालीच, पण त्यांची आणखी एक रीत बंद झाली. उन्हाळ्याच्या तोंडाला, पाचोळा थोडा असताना, ते रानाला बेताची आग लावीत. ती जमिनीलगत सरपटत जाई आणि झाडाला धक्का न लावता विझे. बाहेरच्याला हे जंगल जाळणे वाटते, आणि आगीला बंदी घालणे हे जंगल वाचवणे वाटते. परंतु आग बंद झाल्यावर रानात घाणेरी माजली, आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे वाढली, असे सोलिगा सांगू लागले. पुढे त्या रानात काम करणाऱ्या संशोधकांनीही या म्हणण्याची दखल घेतली.

आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. आजीला मी सोलिगांची ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “विस्तू कधी लावायचा ते ज्याला कळतं त्यानंच लावावा. न कळणाऱ्यानं लावूबी नये आन्‌ बंदबी करू नये.” पुस्तकातल्या दहा पानांचा अर्थ तिने दोन वाक्यांत सांगितला असे मला वाटले.

अशा अनुभवांमुळे सरकारी विचारातही हळूहळू फरक पडत गेला. पश्चिम बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यात अराबारी येथे १९७२ साली अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी एक वेगळा प्रयोग केला. सालाचे ते रान तोडून तोडून खुरटले होते. त्यांनी आसपासच्या अकरा गावांतील लोकांना सांगितले, की तुम्ही हे रान राखा. गवत, सरपण, पाने तुम्ही घ्या, आणि पुढे लाकूड विकले जाईल त्याच्या उत्पन्नातला चौथा हिस्साही तुमचाच. रान पुन्हा उभे राहिले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत लोकांच्या गरजांना आणि सहभागाला स्थान मिळाले, १९९० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने सर्व राज्यांना तसे परिपत्रक धाडले आणि ‘संयुक्त वनव्यवस्थापन’ हा शब्द गावोगाव पोहोचला. अभयारण्यांच्या कडेच्या गावांसाठी अशाच समित्या निघाल्या. केरळातल्या पेरियारला तर रानातून दालचिनीची साल चोरून नेणारे लोकच पुढे जंगलाचे राखणदार आणि प्रवाशांचे वाटाडे झाले. तेथील बायकांनी २००२ साली ‘वसंतसेना’ नावाचा गट केला, आणि त्या बिनपगारी रानात गस्त घालू लागल्या.

हे सारे चांगलेच आहे. परंतु ‘सहभाग’ हा शब्द मोठा फसवा आहे, हे मला पुस्तकाने नव्हे तर आमच्या गावाने शिकवले.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी घरी असताना एका कार्यालयाकडून गावाच्या समितीसाठी काही कागद आले. समितीचे नाव ‘ग्राम परिस्थितिकीय विकास समिती’. हे नाव आमच्या गावात कोणालाच एका दमात उच्चारता येत नाही. सारे ‘कमिटी’ म्हणून मोकळे होतात. कागद आला की तो माझ्याकडे येतो. देवळाच्या पारावर पंधरा-वीस माणसे जमली. “वाच गं पोरी, काय लिवलंय त्यात,” असे शेजारचे बाबा म्हणाले आणि मी वाचू लागले. पुढील कामांचा तो आराखडा होता. दगडी बांध घालायचे, गॅसच्या शेगड्या वाटायच्या, रोपे लावायची. यांतले एकही काम वाईट नव्हते. दोन पानांत ‘लोकसहभाग’ हा शब्द नऊ वेळा आला होता. मी नंतर मोजला.

वाचून झाल्यावर आजीने विचारले, “झाडं कसली लावणार?” मी यादी पाहिली. त्यात हिरडा नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात कोवळा हिरडा गोळा करून, वाळवून विकतात. भाताला पाऊस दगा देतो त्या वर्षी मीठ-मिरचीला पैसा होतो तो हिरड्याचा. माझ्या पहिल्या वर्षाची फीसुद्धा त्यातूनच भरली होती. “मग हिरडा लावा म्हनावं,” आजी म्हणाली. मी कागद उलटासुलटा करून पाहिला. सही करायला जागा होती, अंगठ्याला जागा होती. ‘हे नको, ते हवे’ असे लिहायला जागा नव्हती. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून कागद आणणाऱ्याला घाई होती. त्या बिचाऱ्याचाही काही दोष नव्हता, तो सांगितलेले काम करीत होता. सह्या झाल्या, अंगठे उठले. माझी सही सगळ्यांत वळणदार आली, आणि त्या सहीची मला अजून लाज वाटते.

त्या दिवशी मला कळले, की आमचा सहभाग कामात होता, ठरवण्यात नव्हता. खड्डे आम्ही खणायचे; खड्ड्यात कोणते झाड लावायचे ते दुसऱ्याने ठरवायचे. शेताच्या भाषेत सांगायचे तर गडी वेगळा आणि वाटेकरी वेगळा. गड्याला मजुरी मिळाली की त्याचा शेताशी संबंध संपतो. वाटेकऱ्याची झोप मात्र शेतातल्या पिकाला बांधलेली असते. जंगल राखण्यासाठी आजवर आम्हाला बहुधा गडी म्हणून बोलावण्यात आले. रान राखायचे असेल तर वाटेकरी हवा.

कायद्यातही हाच फरक दिसतो. वन्यजीव कायद्यात २००२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार प्रत्येक अभयारण्यासाठी एक सल्लागार समिती असावी आणि तिच्यात पंचायतींचे तीन प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद आहे. तरतूद चांगली; पण नावातच ‘सल्लागार’ आहे. सल्ला द्यायचा; तो ऐकायचाच असे बंधन कोणावर नाही.

वाटेकरी झालेले गाव कसे असते, हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा हे शंभरेक घरांचे गोंड आदिवासींचे गाव आहे. ते अभयारण्यात नाही, पण चोहीकडे दाट जंगल आहे. तेथील बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्याला ठेक्याने दिला जाई. कारखान्याचे ट्रक भरून जात, आणि गावच्या माणसाने कुडासाठी चार बांबू आणले तर मात्र अडचण होई. १९८० च्या दशकात त्या भागात मोठ्या धरणांच्या विरोधात ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ हे आंदोलन झाले. त्यातून जागे झालेल्या या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे साथी मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत.

घोषणा पुष्कळ गावे देतात. मेंढ्याचे वेगळेपण घोषणेपुढच्या कामात आहे. तिथे ग्रामसभेत मतदान होत नाही; सर्वांची संमती झाली तरच निर्णय होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. दुसरे म्हणजे अभ्यास मंडळ. एखादा प्रश्न आला की गावातली आणि बाहेरची जाणती माणसे बसून त्याची चर्चा करतात. कायदा काय, आकडे काय, ते समजून घेतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते. म्हणजे शिकलेला माणूस तिथे सांगायला आहे, ठरवायला नाही. फळासाठी झाड तोडू नये, मध काढताना माशा जाळू नयेत, असे नियम गावानेच केले आणि गावच ते पाळते.

अशा गावाला कायद्याचे बळ मिळाले ते २००६ साली. त्या वर्षी वनहक्क कायदा संसदेने संमत केला आणि २००८ च्या आरंभी त्याचे नियम लागू झाले. या कायद्याबद्दल ‘आदिवासींना जमिनी वाटणारा कायदा’ एवढीच अनेकांची समजूत आहे. कसत असलेल्या जमिनीचा वैयक्तिक हक्क हा त्याचा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, तो सामूहिक वनहक्काचा. जे रान गाव परंपरेने वापरत आणि राखत आले, त्याचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क या कायद्याने ग्रामसभेला मान्य केला आहे. जमीन सरकारचीच राहते, ती विकता येत नाही. शिकारीचा हक्क तर या कायद्याने स्पष्टपणे वगळला आहे. पण त्या रानात काय करायचे हे ग्रामसभा ठरवते, आणि तेथील वन्य प्राणी, पाणी व झाडे राखणे हे ग्रामसभेचे कामच आहे असे कायदा सांगतो. ‘सवलत’ पुन्हा ‘हक्क’ झाली ती अशी.

मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत ते गणले जाते. तरीही बांबू विकायची वेळ आली तेव्हा वाहतुकीचा परवाना अडला. बांबू हे लाकूड की गौण वनोपज, असा तो वाद होता. वनहक्क कायदा बांबूला वनोपज म्हणतो, तर १९२७ चा कायदा त्याला झाड म्हणत होता. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढे २०१७ साली १९२७ च्या कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू काढून टाकण्यात आला. एका लहान गावाने धरलेला हट्ट किती लांबवर पोहोचला पाहा.

कोणी म्हणेल, मेंढा हे अभयारण्यात नाही. अभयारण्यात हे कसे चालेल? त्याचे उत्तर वर सांगितलेल्या सोलिगांनी दिले आहे. त्यांचे रान २०११ च्या जानेवारीत व्याघ्र प्रकल्प झाले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी, त्यांच्या अनेक ग्रामसभांना सामूहिक हक्काचे दाखले मिळाले. व्याघ्र प्रकल्पात असे हक्क मान्य होण्याचा हा देशातला पहिला प्रसंग मानला जातो. वनहक्क कायदा अभयारण्यांना आणि राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. एखाद्या भागातून वाघासाठी माणसे हलवणे अगदी आवश्यकच आहे असे ठरले, तरी आधी त्यांचे हक्क मान्य झाले पाहिजेत आणि ग्रामसभेने सर्व समजून घेऊन स्वखुशीने संमती दिली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

आता दुसरी बाजू. गावाच्या हाती दिले म्हणजे सगळे आपोआप बरे होईल, असे मी म्हणत नाही. खेड्यात राहणाऱ्याला खेड्याचे गुणदोष ठाऊक असतात. ज्या देवराईचे मी सुरुवातीला कौतुक केले, तशा कितीतरी देवराया महाराष्ट्रात तुटल्या आहेत. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात आपल्याकडील देवरायांचा शोध घेतला तेव्हाच, त्या किती वेगाने कमी होत आहेत हे त्यांच्या लक्षात आले होते. कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचे देऊळ बांधायला पैसे हवेत म्हणून देवाचीच झाडे विकलेली गावे आहेत. देवाचा धाक एकदा सुटला आणि त्याच्या जागी गावाचा विचार उभा राहिला नाही, की राई जाते.

शिवाय गाव म्हणजे तरी कोण? ग्रामसभेत बहुधा पुरुष बसतात, बोलतात त्यांतले चार-पाच. सरपण बायका आणतात, पाणी बायका आणतात, हिरडाही बहुतेक त्याच वेचतात. पण पाराच्या एका कोपऱ्याला उभ्या राहून ऐकणे एवढाच त्यांचा सहभाग. म्हणजे सरकारने गावाशी जे केले तेच गाव आपल्या बायकांशी करते. या दृष्टीने कायद्याचे नियम पाहण्यासारखे आहेत. वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. ग्रामसभेला निम्मे लोक हजर हवेत आणि त्या हजर लोकांतही एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. त्याशिवाय ठराव होत नाही. हा नियम प्रामाणिकपणे पाळला तर आजीला पारावर बसायला जागा द्यावीच लागेल.

आणि वनखाते? त्याची गरज संपते असे मुळीच नाही. बंदूक घेऊन रात्री येणाऱ्या चोरट्या शिकाऱ्याला गावकरी एकटे अडवू शकत नाहीत. वणवा पेटला, बिबट्या विहिरीत पडला, तर शिकवलेली माणसे आणि साधने लागतातच. शास्त्रज्ञांचीही गरज आहे. भरतपूरच्या म्हशींचे म्हणणे शेवटी त्यांनीच मोजून सिद्ध केले. तात्पर्य, खाते, शास्त्र आणि गाव तिघेही हवेत. फक्त गावाची खुर्ची इतर दोघांच्या बरोबरीने मांडलेली असावी.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मी आता देऊ शकते. माणसांना बाहेर काढायचे की आत घ्यायचे, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. ती माणसे आतच होती. भैरवनाथाच्या राईला पाटी लागली नाही, कारण ती राखायची असे ठरवणारे आणि ती राखणारे एकच होते. सरकारी पाटीपलीकडच्या रानात ठरवणारा एक आणि राखणारा दुसरा झाला, आणि तेव्हापासून त्या रानाला चौकी लागते.

आमच्या गावाने अजून सामूहिक हक्काचा दावा केलेला नाही. समिती आहे ती कागदावरच. दावा करायचा तर प्रथम ग्रामसभेने वनहक्क समिती नेमायची, तिने रानाची हद्द फिरून नकाशा करायचा, पुरावे जोडायचे. ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. हे वाचून दाखवल्यावर एक जण म्हणाले, “पुरावे कुठून आणायचे? आपल्याकडं कागद कुठं हाय?” मी नियम पुन्हा वाचला. त्यात पुराव्यांच्या यादीत गावातील वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदनही आहे.

तेव्हापासून सुटीत गावी गेले की मी आजीबरोबर रानात जाते. ती सांगते आणि मी वहीत लिहून घेते. कोणत्या ओढ्यापासून आमची शीव लागते, गुरे कोणत्या माळावर राहत, जुना हिरडा कुठे कुठे आहे, कोणत्या झऱ्याचे पाणी वैशाखातही आटत नाही. प्रत्येक दगडाला, प्रत्येक वळणाला तिच्याजवळ नाव आहे, आणि त्यांतले एकही नाव सरकारी नकाशात नाही. आतापर्यंत एकेचाळीस नावे झाली आहेत. लिहून झाले की ती वही मागून घेते, अक्षरांवरून बोट फिरवते आणि विचारते, “ह्यात माझं बोलणं हाय नव्हं?” मी हो म्हणते. वही पुरी झाली की त्या निवेदनाखाली तिचा अंगठा घ्यायचा आहे. या वेळी मात्र अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे, ते तिचे तिने सांगितलेले असेल.